प्रतिकाराला आवर कोण घालतं? टी पेशींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये टी पेशींवरचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचे, प्रश्न इतके आले की हे सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. प्रतिकारयंत्रणा लढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बहुतेकांना विचारायचं होतं ते ती थांबते कशी, आणि थांबली नाही तर काय होतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या वेळच्या पुस्तकात ‘सप्रेसर टी पेशी’ होत्या. मी आता शिकवते त्या पुस्तकात त्या नाहीत. २०२५चं नोबेल मात्र ‘नियामक टी पेशीं’वरच्या कामाला मिळालं. या त्याच पेशी का? मग मधल्या काळात त्या गेल्या कुठे?

उत्तर: कल्पना तीच, पुरावा वेगळा. येल विद्यापीठात गर्शॉन आणि कोंडो यांनी १९७० साली दाखवलं की काही टी पेशी प्रतिकार वाढवण्याऐवजी दाबतात. पुढची दहा-बारा वर्षं या पेशींवर शोधनिबंधांचा पाऊस पडला. त्यांची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचं एक प्रथिन सांगितलं जाई आणि त्याचा जनुक उंदराच्या एमएचसी जनुकसमूहात (टी पेशींना रेणूंचे तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत) अमुक जागी आहे, असं धरून चालत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जागेचा डीएनए प्रत्यक्ष तपासला, तेव्हा तिथे असा जनुक सापडलाच नाही. खूणच गेल्यावर सगळा विषय बदनाम झाला आणि पुस्तकांतून हळूहळू गळाला. निरीक्षणं मात्र सगळीच चुकीची नव्हती, हे लोक विसरले.

एक निरीक्षण तर त्याही आधीचं होतं. जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ साली उंदराच्या पिल्लांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात, तेव्हा ती काढल्यावर प्रतिकार लुळा पडावा अशी अपेक्षा. झालं उलटं: माद्यांच्या अंडाशयांवर त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला केला. हीच ग्रंथी सातव्या दिवशी काढली तर काही होत नसे. याचा अर्थ, आवर घालणाऱ्या काही पेशी थायमसमधून थोड्या उशिरा बाहेर पडतात, आणि तिसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेने नेमक्या त्याच अडकतात.

शिमोन साकागुची यांनी हा धागा सोडला नाही. १९९५मध्ये त्यांनी सीडी४ टी पेशींमधल्या (सीडी४ हे प्रथिन असलेला, मुख्यतः मदतनीस पेशींचा गट), पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. या पेशी सीडी४ पेशींच्या साधारण दहा टक्के. त्या वगळून उरलेल्या टी पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तर थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अनेक अवयवांत स्वप्रतिकार आजार झाले. वगळलेल्या पेशी लगेच परत दिल्या, तर आजार टळले. या वेळी खूण खरी होती.

जनुक सापडला दुसऱ्याच वाटेने. ‘स्कर्फी’ नावाच्या उंदरांच्या वाणात नर पिल्लांची कातडी खवलेदार होते, लसीका ग्रंथी आणि प्लीहा सुजतात आणि ती काही आठवड्यांत मरतात. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली एक्स गुणसूत्रावरचा दोषी जनुक शोधला आणि त्याला फॉक्सपी३ नाव दिलं. त्याच जनुकातल्या बिघाडाने मुलग्यांना आयपेक्स नावाचा दुर्मीळ आजार होतो: तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि इसब. २००३मध्ये दोन्ही धागे जुळले. सीडी२५वाल्या त्या पेशी घडवणारा मुख्य जनुक फॉक्सपी३ हाच होता. नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना मिळून आहे.

वर्गात सांगताना ‘मदतनीस, मारक आणि नियामक’ अशी तीन खाती पाडली तर चालेल. फक्त नियामक पेशी सीडी४ गटातल्याच आहेत, हे सांगायला विसरू नका. मुलं परीक्षेत त्यांना सीडी८मध्ये, म्हणजे मारक पेशींच्या गटात, घालतात.

प्रश्न: नियामक पेशी दुसऱ्या टी पेशीला नेमकी थांबवते कशी? तिला मारते का? (जीवशास्त्राचा पदवी विद्यार्थी)

उत्तर: क्वचित मारतेही, पण तिचं मुख्य काम मारण्याचं नाही. समोरच्याला लागणाऱ्या गोष्टी ती काढून घेते.

आधी टी पेशी सुरू कशी होते ते पाहू. डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना नमुने दाखवणारी पेशी) प्रतिजनाचा, म्हणजे टी पेशीने ओळखायच्या रेणूचा, तुकडा एमएचसी रेणूत धरून दाखवते, हा पहिला संकेत. त्याच पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू टी पेशीच्या सीडी२८ला जोडले जातात, हा दुसरा. पहिला मिळाला आणि दुसरा नाही, तर टी पेशी नुसती गप्प बसत नाही; ती पुढे योग्य संकेत मिळाला तरी सहसा उठत नाही. दोन्ही मिळाले की ती इंटरल्यूकिन-२ हे पेशींना निरोप देणारं प्रथिन बनवू लागते आणि त्यावरच तिचं विभाजन जोर धरतं.

नियामक पेशी या दोन्ही ठिकाणी हात घालते. तिच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ हा रेणू कायम असतो. तो सीडी८० आणि सीडी८६ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. नुसता चिकटून वाट अडवत नाही: नियामक पेशी डेंड्रायटिक पेशीला बिलगते, सीटीएलए-४ने हे रेणू पकडते, ओढून स्वतःच्या आत घेते आणि तिथे त्यांचा चुरा करते. ती बाजूला होते तेव्हा डेंड्रायटिक पेशी जिवंत असते, प्रतिजनही दाखवत असते, पण दुसरा संकेत द्यायला तिच्याकडे फारसं काही उरलेलं नसतं. यानंतर येणाऱ्या टी पेशीला पहिलाच संकेत मिळतो. (संधिवातावरचं अ‍ॅबाटासेप्ट हे औषध म्हणजे सीटीएलए-४चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून केलेला रेणू. रेणू ओढून काढणं त्याला जमत नाही, झाकणं जमतं.)

दुसरी जागा इंटरल्यूकिन-२ची. याचा ग्राहक (पेशीवरचा, ते पकडणारा रेणू) तीन भागांचा असतो आणि सीडी२५ हा त्यातला एक. तो असला की पकड सुमारे शंभरपटीने घट्ट होते. नियामक पेशीवर सीडी२५ सतत भरपूर असतं, पण फॉक्सपी३मुळे ती स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवू शकत नाही. म्हणून शेजारच्या पेशींनी बनवलेलं ती शोषून घेते. यात एक सुंदर हिशेब दडला आहे: शेजारी जितक्या पेशी जाग्या होतील तितकं इंटरल्यूकिन-२ वाढेल आणि तितक्याच नियामक पेशीही वाढतील. आवर मागाहून, पण लढाईच्या प्रमाणात येतो.

याशिवाय इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाबणारी रसायनं आहेत. पेशींच्या पडझडीतून बाहेर सांडलेलं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) सीडी३९ आणि सीडी७३ या विकरांनी तोडून अ‍ॅडिनोसिन बनवण्याचीही सोय आहे. एटीपी हा धोक्याचा इशारा, अ‍ॅडिनोसिन हा शांततेचा; एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं. पाठ्यपुस्तकं या सगळ्या यंत्रणा एका ओळीत समान वजनाने मांडतात. तसं नाही. आतड्याच्या अस्तरात इंटरल्यूकिन-१०वाचून चालत नाही, तर लसीका ग्रंथीत सीटीएलए-४चं पारडं जड असतं.

एक बारकावा परीक्षेत विचारत नाहीत, पण समजून घ्या. नियामक पेशीला कामाला लागण्यासाठी तिचा स्वतःचा प्रतिजन भेटावा लागतो. एकदा जागी झाली की मात्र ती आसपासच्या, वेगळे प्रतिजन ओळखणाऱ्या पेशींनाही दाबते. आणि कोऱ्या, म्हणजे प्रतिजन अजून न भेटलेल्या, सीडी४ पेशीला टीजीएफ-बीटा एकटं मिळालं तर ती नियामक होऊ शकते. त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ असलं तर तीच पेशी टीएच१७ म्हणजे दाह वाढवणारी होते. संसर्गात इंटरल्यूकिन-६ वाढतंच. त्यामुळे जंतू समोर असताना नव्या नियामक पेशी घडणं आपोआप मागे पडतं.

आणि हे काम एकट्या नियामक पेशींचं नाही. मेलेल्या न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) गिळल्यावर मॅक्रोफेज या भक्षक पेशी स्वतःच टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-१० सोडू लागतात. साफसफाई हाच त्यांना लढाई संपल्याचा निरोप असतो. काही बी पेशीही (प्रतिपिंड बनवणारा गट) इंटरल्यूकिन-१० बनवतात.

प्रश्न: लस घेतल्यावर संरक्षण यायला एक-दोन आठवडे का लागतात? आणि वाढलेल्या पेशींचं नंतर काय होतं?

उत्तर: कारण सुरुवातीला कामाची पेशी शोधूनही सापडत नाही. प्रत्येक टी पेशीचा ग्राहक वेगळा. विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी ढोबळमानाने एक लाख ते दहा लाखांत एक. डेंड्रायटिक पेशी टोचल्या जागेहून लसीका ग्रंथीत पोचणार, तिथून जाणाऱ्या पेशींपैकी योग्य ती तिच्याशी गाठ पडणार, यातच एक-दोन दिवस जातात. पुढे वेग जबरदस्त असतो. दर आठ तासांनी एक विभाजन धरलं तर पाच दिवसांत पंधरा दुपटी होतात. १०० पेशींच्या ३२ लाखांवर जातात. मारक टी पेशींचा कळस साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो. प्रतिपिंडांना आणखी वेळ लागतो, कारण बी पेशींना आधी मदतनीस टी पेशींची गाठ घ्यावी लागते.

त्यानंतरची ओहोटीही तितकीच ठरलेली. प्रतिजन संपला, इंटरल्यूकिन-२ आटलं की ९० ते ९५ टक्के पेशी आत्मनाश करतात. उरलेल्या ५ ते १० टक्के म्हणजे स्मृतिपेशी. ही ओहोटी आलीच नाही तर काय होतं, ते एएलपीएस या आजारात दिसतं. त्यात ‘फास’ या मृत्यूचा संकेत घेणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात दोष असतो. पेशी साचत जातात, लसीका ग्रंथी आणि प्लीहा वर्षानुवर्षं सुजलेल्या राहतात, आणि बऱ्याच रुग्णांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रक्तपेशी फोडू लागते.

प्रतिजन संपतच नसेल, म्हणजे जुनाट विषाणूसंसर्ग किंवा कर्करोग असेल, तर पेशी मरत नाहीत पण दमतात. त्यांच्यावर पीडी-१ हा रेणू ठळक दिसू लागतो आणि मारण्याची धार जाते. शरीराच्या दृष्टीने हा दोष नव्हे. संपूर्ण यकृत विषाणूने व्यापलेलं असताना मारक पेशी पूर्ण जोमात राहिल्या तर यकृतच उरणार नाही.

प्रश्न: प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांनी टी पेशी वाढतात का?

उत्तर: कुठल्या टी पेशी? वर दिलेल्या आजारांपैकी निम्म्यांत प्रतिकार ‘वाढलेला’च आहे. जस्त, ड जीवनसत्त्व किंवा प्रथिनं यांची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढल्याने फरक पडतो, कारण कमतरतेत पेशींचं काम खरंच ढिलं पडतं. कमतरता नसताना घेतलेल्या डब्यातून विशिष्ट जंतूविरुद्धची पेशी वाढत नाही. ते काम लस करते.

प्रश्न: घरातल्या रुग्णाला कर्करोगासाठी इम्युनोथेरपी सुरू आहे. तिसऱ्या डोसनंतर दिवसाला पाच-सहा वेळा जुलाब होत आहेत. पोट बिघडलं समजून घरातल्या गोळीने थांबवावे का?

उत्तर: नाही. आजच कर्करोगतज्ज्ञांना फोन करा. पुढच्या डोसच्या तारखेची वाट पाहू नका.

कारण असं. ही औषधं म्हणजे सीटीएलए-४ किंवा पीडी-१ला झाकणारे प्रतिपिंड. सीटीएलए-४वरचं इपिलिमुमॅब २०११मध्ये आलं. पीडी-१वरची पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४मध्ये. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चं नोबेल याच दोन रेणूंवरच्या कामासाठी मिळालं. औषध गाठीतल्या दमलेल्या पेशींना मोकळं करतं, पण आतड्यातल्या पेशींनाही मोकळं करतं. सीटीएलए-४ जनुकच नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात, म्हणजे हा आवर किती मोलाचा आहे ते कळेल. दोन्ही प्रकारची औषधं एकत्र दिली तर निम्म्याहून अधिक रुग्णांत गंभीर दुष्परिणाम दिसतात; एकट्या पीडी-१वरच्या औषधाने बरेच कमी.

डॉक्टर जुलाबांची तीव्रता नेहमीपेक्षा किती वेळा जास्त यावर मोजतात. चारपेक्षा कमी असतील तर पहिली पायरी, चार ते सहा दुसरी, सात किंवा जास्त असतील तर तिसरी आणि बहुधा रुग्णालयात भरती. म्हणून फोन करताना ‘पोट बिघडलंय’ असं मोघम सांगू नका. आधी दिवसाला किती वेळा होत होती, आता किती, रात्री झोपेतून उठावं लागतं का, शौचातून रक्त किंवा आव पडते का, ताप आहे का, हे सांगा. तुमचं वर्णन बहुधा दुसऱ्या पायरीत बसेल. तिथे इम्युनोथेरपीचा डोस थांबवतात, संसर्ग नाही ना हे पाहायला शौचाची तपासणी पाठवतात आणि सुधारणा नसेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम सुरू करतात; तिसऱ्या पायरीत १ ते २ मिलिग्रॅम. काही दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब ही दाह आवरणारी औषधं देतात. घरातल्या गोळीची अडचण ही की मोजमाप बिघडतं: वेळा कमी दिसतात, आत आतड्याची जखम वाढत राहते आणि भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

सर्वांत जास्त चूक होते ती स्टेरॉइड बंद करताना. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळी सोडली की जुलाब उलटतात. डोस चार ते सहा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचा असतो.

बाकी खुणा थोडक्यात. पुरळ लवकर येतं, जुलाब साधारण सहा-आठ आठवड्यांनी, थायरॉइड आणि पिट्यूटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) यांचा त्रास आणखी उशिरा. डोकेदुखी आणि विलक्षण थकवा एकत्र असतील तर पिट्यूटरीची शंका घ्यावी. ग्रंथी एकदा गेली की स्टेरॉइडने सहसा परत येत नाही, संप्रेरक कायम घ्यावं लागतं. छातीत दुखणं, धाप, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं यांपैकी काहीही असेल तर फोन न करता थेट तातडीच्या विभागात जा. हृदयाच्या स्नायूचा दाह क्वचित होतो, पण झाला तर घातक असतो. औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही हे सगळं होऊ शकतं. दाताच्या डॉक्टरसकट प्रत्येकाला या औषधाचं नाव सांगत जा.

प्रश्न: नियामक पेशी इतक्या गुणी असतील तर संधिवात, ल्युपस अशा आजारांत त्या वाढवणारं इंजेक्शनच का देत नाहीत?

उत्तर: प्रयत्न झाले आहेत, आणि त्यातला एक औषध-चाचण्यांच्या इतिहासात काळ्या अक्षरांत लिहिला गेला आहे.

टीजीएन१४१२ हा सीडी२८ला पकडणारा प्रतिपिंड होता. पहिल्या संकेतावाचूनही तो टी पेशी जागी करू शके. प्राण्यांत अशा प्रतिपिंडाने नियामक पेशी झपाट्याने वाढत, दाह कमी होई. १३ मार्च २००६ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात तो प्रथमच माणसांना दिला: सहा निरोगी स्वयंसेवकांना औषध, दोघांना नुसतं द्रावण. डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, माकडांत सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतका. कागदावर भरपूर सावधगिरी. पण दोन माणसांमध्ये सुमारे दहाच मिनिटांचं अंतर होतं, आणि पहिल्याला डोकेदुखी, थंडी, मळमळ सुरू होईपर्यंत सहाही जणांना औषध देऊन झालं होतं. सायटोकाइनचं, म्हणजे पेशींच्या दाह पेटवणाऱ्या निरोपांचं, वादळ उठलं, रक्तदाब कोसळला, सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले; एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली.

चुकलं कुठे? माणसाच्या रक्तात आणि ऊतींत स्मृती असलेल्या सीडी४ पेशी भरपूर असतात, त्यांच्यावर सीडी२८ असतं, आणि त्या इशारा मिळताच सायटोकाइन ओततात. चाचणीतल्या जातीच्या माकडांत याच प्रकारच्या पेशींवर सीडी२८ नसतं. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ उंदरांत स्मृतिपेशीच थोड्या असतात. म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी जाग्या झाल्या असतीलही, पण त्यांच्या आधी लढणाऱ्या पेशींनी घर पेटवलं होतं. दुसरी चूक डोसच्या गणितात होती. प्राण्याला किती सोसतं यावरून खाली मोजत येण्याऐवजी माणसाच्या पेशींवर किती कमी मात्रेत परिणाम दिसू लागतो तिथून वर जायला हवं होतं; त्या ०.१ मिलिग्रॅमनेच शरीरातले बहुतेक सीडी२८ रेणू व्यापले जात होते. यानंतर नियम बदलले: अशा औषधांत पहिला डोस एकाच माणसाला देतात, वाट पाहतात, मग पुढचा.

सध्या जास्त आशेची वाट इंटरल्यूकिन-२च्या अगदी लहान मात्रेची आहे. कर्करोगात ते एका वेळी किलोमागे ६ लाख युनिट देत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४ कोटी २० लाख, आणि तेही दर आठ तासांनी. त्या पुरात सगळ्याच पेशी भिजतात. दिवसाला १० ते ३० लाख युनिट दिली, तर शंभरपट घट्ट पकड असलेल्या नियामक पेशींच्याच वाट्याला ती जास्त येतात. २०११मध्ये हिपॅटायटिस-सीमुळे झालेल्या रक्तवाहिन्यांच्या दाहात आणि अस्थिमज्जारोपणानंतरच्या गुंतागुंतीत हे रुग्णांवर दाखवलं गेलं. अडचण म्हणजे मधली खिडकी अरुंद आहे, नुकत्याच जाग्या झालेल्या लढाऊ पेशींवरही सीडी२५ येतं, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढतात. त्यामुळे हा अजून नेहमीचा उपचार नाही.

प्रश्न: सीडी४ मोजणी सहा महिन्यांपूर्वी ६४० होती, आता ५१० आली. एचआयव्हीची औषधं नियमित आहेत, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सापडत नाही. घाबरावं का?

उत्तर: नाही. हा आकडा थेट मोजलेला वाटतो, पण अनेक ठिकाणी तो पांढऱ्या पेशींची संख्या, त्यातले लिम्फोसाइट किती टक्के आणि त्यातले सीडी४ किती टक्के यांच्या गुणाकारातून येतो. तिन्हींतली चूक त्यात जमा होते. साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा चढउतार एकाच माणसात सहज दिसतो. तुमचा फरक २० टक्के आहे. सकाळी आकडा कमी, संध्याकाळी जास्त असतो. नुकताच झालेला ताप, शस्त्रक्रिया, स्टेरॉइड यांनीही तो खाली येतो. अहवालात सीडी४ची टक्केवारी पाहा: ती तीनपेक्षा कमी अंकांनी हलली असेल तर बहुधा काही बदललेलं नाही. पुढच्या वेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळेला रक्त द्या. औषध काम करतंय का, याचं उत्तर व्हायरल लोड देतो.

प्रश्न: फ्लो सायटोमेट्रीवर (रंगीत प्रतिपिंड लावून पेशी एकेक मोजणाऱ्या यंत्रावर) नियामक पेशी सीडी४च्या १५ ते २० टक्के येतात. निरोगी नमुन्यांतही तेच. काय चुकत असावं? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

उत्तर: निरोगी प्रौढात ५ ते १० टक्के अपेक्षित धरा. तिथून दुप्पट आकडा आला तर पहिला संशय गेटवर, म्हणजे कुठल्या पेशी मोजायच्या हे ठरवणाऱ्या चौकटीवर. माणसात सीडी२५चे दोन स्वच्छ गट पडत नाहीत, एक लांबट शेपटी दिसते, आणि तिचा मधला भाग नुकत्याच जाग्या झालेल्या साध्या पेशींचा असतो. म्हणून सीडी२५ एकट्यावर गेट घालू नका. सीडी१२७ (नियामक पेशींवर कमी असणारं प्रथिन) सोबत लावा; सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी असा तिरका गट घ्या, आणि रेषा कुठे ओढायची ते सीडी२५ वगळून बाकी सगळे रंग लावलेल्या नळीवरून ठरवा.

दुसरा संशय मेलेल्या पेशींवर. त्या कुठलाही प्रतिपिंड चिकटवून घेतात. फिक्स केल्यावर (रसायनाने पेशी स्थिर केल्यावर) टिकणारा जिवंत-मृत रंग वापरा आणि तो फिक्स करण्याआधी लावा. प्रोपिडियम आयोडाइड हा भोकं पडलेल्या पेशींत शिरणारा रंग इथे निरुपयोगी, कारण पुढे सगळ्याच पेशींना आपण भोकं पाडणार आहोत.

तिसरा फॉक्सपी३वर. हे प्रथिन केंद्रकात असतं. सायटोकाइनसाठी वापरतो तो साधा फिक्स-पर्म (पेशी स्थिर करून भोकं पाडणारा) संच तिथपर्यंत नीट पोचत नाही. फॉक्सपी३साठीचा बफर घ्या, ३० ते ६० मिनिटं द्या, आणि पुढची धुणी व प्रतिपिंड दोन्ही पर्म बफरमध्येच करा, कारण त्यातलं भोकं पाडणारं सॅपोनिन धुतलं गेलं की भोकं बुजतात. फिक्स केलेल्या पेशी तळाशी बसायला कुरकुरतात, सेंट्रिफ्यूजचा वेग थोडा वाढवा. नाहीतर दर धुण्याला पेशी जातात आणि टक्केवारी डळमळते. फॉक्सपी३वरच्या प्रतिपिंडाचे वेगवेगळे क्लोन (वाण) वेगवेगळा आकडा देतात, तेव्हा अभ्यासाच्या मध्यावर क्लोन बदलू नका.

मोजता किती पेशी, हेही पाहा. १०,००० लिम्फोसाइट घेतले, त्यात ४,००० सीडी४ आणि त्याच्या ५ टक्के नियामक, म्हणजे हातात २०० पेशी. निव्वळ मोजणीची चूक सात टक्के. ५०,००० घेतले तर हातात हजार आणि चूक तीनवर येते.

हे सगळं नीट असूनही आकडा चढा असेल आणि पेशी उत्तेजित करून मोजत असाल, तर उत्तर तिथेच आहे. माणसाच्या साध्या सीडी४ पेशीही उत्तेजनानंतर काही दिवस फॉक्सपी३ दाखवतात आणि नियामक नसतात. खात्री करायची तर फॉक्सपी३ जनुकाच्या ठराविक भागावरचं मिथिलेशन (डीएनएवरची रासायनिक खूण) तपासावं लागतं. खऱ्या नियामक पेशीत ते पुसलेलं असतं. स्त्रियांच्या नमुन्यात मिथिलेशन पुसलेल्याचा आकडा दुपटीने घ्या, कारण त्यांच्या दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं आणि त्यावरचं मिथिलेशन तसंच राहतं.

किंवा कामच मोजा. साध्या टी पेशींना सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होत जाणारा) रंग लावून सीडी३-सीडी२८ मण्यांनी उत्तेजित करा, नियामक पेशी १:१, १:२, १:४, १:८ प्रमाणात मिसळा आणि तीन ते चार दिवसांनी विभाजन पाहा. मणी जास्त झाले किंवा माध्यमात बाहेरून इंटरल्यूकिन-२ घातलं तर दाबणं दिसणारच नाही. आणि एक नळी अशी ठेवा जिच्यात नियामक पेशींऐवजी तितक्याच साध्या, रंग न लावलेल्या सीडी४ पेशी असतील. ती नळी नसेल तर विभाजन आवर घातल्यामुळे थांबलं की गर्दीने माध्यम संपल्यामुळे, हे सांगता येणार नाही.